भाषणानंतरचा आठवडा

शाळामास्तराइतकी भाषणे ह्या जगात दुसऱ्या कोणाच्या वाट्यास येत असतील असे आम्हांस वाटत नाही. वकिलास उलटतपासणी करता येते, संपादकास कात्री चालविता येते. शिक्षकास मात्र मुलांच्या रांगेच्या टोकाशी उभे राहून, मुद्रा प्रसन्न ठेवून, शेवटच्या टाळीपर्यंत ऐकावेच लागते. स्नेहसंमेलन, पारितोषिक-समारंभ, स्वातंत्र्यदिन, नाताळचा कार्यक्रम, दहावीच्या मुलांचा निरोप, ह्या प्रत्येक प्रसंगी एक पाहुणे येतात, त्यांचा परिचय होतो, पुष्पगुच्छ दिला जातो, ते बोलतात आणि जातात. ही तक्रार नव्हे. चांगले भाषण ऐकणे हा एक निर्मळ आनंद आहे आणि तो आम्हांस अनेकदा लाभला आहे. परंतु वीस वर्षांच्या श्रवणभक्तीनंतर एक प्रश्न मनात घर करून राहिला आहे, आणि तोच ह्या अंकाच्या निमित्ताने विद्यार्थिमित्रांपुढे मांडावा असे योजिले आहे. पाहुणे परतल्यानंतरच्या आठवड्यात काय होते?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आम्हांस दूर जावे लागले नाही. आमच्या गावात लायन्स क्लबची एक शाखा आहे. महिन्यातून दोनदा, सायंकाळी, तिचे सभासद एकत्र जमतात. त्यांत कापडाचे व्यापारी आहेत, डॉक्टर आहेत, वकील आहेत, एक औषधांचे दुकानदार व एक निवृत्त बँक-अधिकारी आहेत. आणि काही वर्षांपासून भगिनीही आहेत. आम्ही तेथील सभासद नव्हे. शाळेच्या वतीने, निमंत्रण आले म्हणजे मागच्या खुर्चीवर जाऊन बसावयाचे, इतकेच आमचे नाते. सभेचा आरंभ घंटेच्या टोल्याने होतो. प्रत्येक सभासदाच्या नावामागे 'लायन' ही उपाधी लावण्याचा तेथे प्रघात आहे. आणि ज्या गृहस्थांना आपल्या दुकानातील मांजरही भीत नाही, त्यांचा पुकारा 'लायन अमुक अमुक' असा झाला की आमच्या विद्यार्थ्यांना हसू आवरत नाही. तेथे 'टेल ट्विस्टर', म्हणजे शब्दशः 'शेपटी पिळणारा', ह्या नावाचा एक अधिकारीही असतो. उशिरा येणाऱ्यास, बिल्ला विसरणाऱ्यास थट्टेत लहानसा दंड करावा व ती रक्कम क्लबच्या पेटीत टाकावी हे त्याचे काम. मोठ्या वयाच्या, प्रतिष्ठित माणसांनी आठवडाभराचे व्यवहार बाजूला ठेवून असे निरागसपणे हसावे, हे पाहून आम्हांस बरे वाटते.

हे असले सेवासंघ कोठून आले हे थोडक्यात सांगणे अवश्य आहे. अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाच्या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तीन मित्रांसह पहिली बैठक भरविली. बैठक आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत फिरत असे, म्हणून संस्थेस 'रोटरी' हे नाव पडले. परस्परांची ओळख व्हावी, व्यवसायास मदत व्हावी, इतकाच प्रारंभीचा हेतू होता. पण दोनच वर्षांत, १९०७ साली, शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहे व्हावीत म्हणून ह्या मंडळींनी खटपट केली आणि मित्रमंडळाचा सेवासंघ होऊ लागला. त्याच शिकागोतील मेल्विन जोन्स हे विम्याचा व्यवसाय करीत. व्यापाऱ्यांच्या एका मंडळात ते जात असत. ज्या हुशारीवर ही माणसे आपापले धंदे वाढवितात, ती हुशारी गावाच्या उपयोगी का पडू नये, असा विचार त्यांनी मांडला आणि १९१७ साली लायन्स क्लबांचा संघ उभा राहिला. आपल्या देशात रोटरीचा क्लब कलकत्त्यास १९२० साली व मुंबईस १९२९ साली रीतसर स्थापन झाला. लायन्स मुंबईस १९५६ साली आले.

तथापि ही कल्पना सर्वस्वी परकी मानण्याचे कारण नाही. शिकागोत ती पहिली बैठक भरली त्याच १९०५ सालच्या जून महिन्यात नामदार गोखल्यांनी पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली. दोन्ही संस्थांचे नाव सेवेचेच. पण मागणे किती निराळे! गोखल्यांनी आपल्या सभासदांकडून सबंध आयुष्य मागितले आणि मोबदल्यात जेमतेम निर्वाहापुरते वेतन दिले. सेवासंघाने आपल्या सभासदांकडून पोट भरण्याचा उद्योग सांभाळून उरलेली एक सायंकाळ मागितली. पहिल्या मागणीस उभी राहणारी माणसे मूठभरच असणार; दुसरीस होकार देणारी माणसे प्रत्येक गावात निघतील. आयुष्य देणाऱ्यांची थोरवी वादातीत आहे. परंतु एक सायंकाळ देणाऱ्यास हसणारा मनुष्य बहुधा ती सायंकाळही देत नाही, असा आमचा अनुभव आहे.

पाहुण्यांच्या भाषणाची चालही आम्हांस नवी नाही. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्यातील वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली, आणि तेव्हापासून महाराष्ट्रात व्याख्यान ऐकणे हे सुसंस्कृतपणाचे लक्षण ठरले. सेवासंघाच्या सभेत फरक इतकाच की, येथे व्याख्यानानंतर दुसऱ्याच विषयपत्रिकेवर खर्चाचा व कामाचा विचार व्हावयाचा असतो. निदान तसा संकेत आहे.

आमच्या गावच्या क्लबात आलेल्या पाहुण्यांचे आम्ही मनाशी तीन वर्ग पाडले आहेत. पहिल्या वर्गातील पाहुणे स्वतःविषयी बोलतात. आपण कसे गरिबीतून वर आलो, कोणकोणत्या देशांत हिंडलो, हे ते सांगतात आणि श्रोते घड्याळाकडे पाहतात. दुसऱ्या वर्गातील पाहुणे विषयाविषयी बोलतात. पाणलोट, मधुमेह, बँकेचे व्यवहार, भ्रमणध्वनीवरून होणाऱ्या फसवणुकी ह्यांविषयी उपयुक्त माहिती त्यांच्याकडून मिळते. तिसऱ्या वर्गातील पाहुणे फार थोडे. ते श्रोत्यांविषयी बोलतात. तुम्ही येथे बसला आहात, तुमच्या गावात अमुक एक गोष्ट अडली आहे, ती तुम्हांलाच करता येण्यासारखी आहे, असे ते सांगतात; आणि मग सभागृहात जी शांतता पसरते ती टाळ्यांपेक्षा फार मोलाची असते.

ह्या तिसऱ्या वर्गातील सर्वांत विख्यात पाहुण्या म्हणजे हेलन केलर. त्या १८८० साली अमेरिकेतील अलाबामा प्रांतात जन्मल्या. एकोणीस महिन्यांच्या असताना दुखण्याने त्यांची दृष्टी व श्रवणशक्ती दोन्ही गेली. १८८७ साली ॲन सलिव्हन ह्या शिक्षिका त्यांच्या घरी आल्या आणि तळहातावर बोटांनी अक्षरे उमटवून त्यांनी त्या मुलीस शब्दांच्या जगात आणिले. पुढे १९०४ साली हेलन पदवीधर झाल्या. १९२५ सालच्या जून महिन्याच्या अखेरीस ओहायो प्रांतातील सीडर पॉइंट येथे लायन्स क्लबांचे वार्षिक अधिवेशन भरले होते. तेथे त्यांचे भाषण झाले. भाषण लहानसेच होते. आपण तुमच्या दारी आलेली संधी आहोत, आम्हां अंधांचे कार्य तुम्ही दत्तक घ्या, आणि अंधकाराविरुद्धच्या लढ्यात अंधांचे शिलेदार व्हा, अशा आशयाचे आवाहन त्यांनी केले. पैशांचा आकडा मागितला नाही. कार्य अंगावर घ्या असे सांगितले. अधिवेशनाने ते आवाहन स्वीकारले, आणि नेत्ररक्षण व अंधसेवा हे तेव्हापासून त्या संघाचे मुख्य काम ठरले. १९५५ साली हेलन केलर भारतातही येऊन गेल्या. आज आपल्याकडे खेडोपाडी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांची जी नेत्रशिबिरे भरतात, त्यांपैकी कित्येकांच्या फलकावर लायन्सचे चिन्ह दिसते. त्या चिन्हामागे एका अंध व बधिर स्त्रीचे ते लहानसे भाषण उभे आहे, हे फलक वाचणाऱ्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असते.

परंतु आम्हांस ह्या भाषणापेक्षाही त्यानंतरची एक लहान गोष्ट अधिक बोलकी वाटते. भाषणास पाच वर्षे झाली होती. १९३० साल. इलिनॉय प्रांतातील पिओरिया गावच्या लायन्स क्लबाचे अध्यक्ष जॉर्ज बॉनहॅम ह्यांनी रस्त्याच्या कडेला एक अंध मनुष्य खोळंबलेला पाहिला. त्याच्या हातात काठी होती, पण ती काळी. काळ्या रस्त्यावर ती वाहने हाकणाऱ्यांच्या दृष्टीस पडत नव्हती. काठी पांढरी करावी, तिच्यावर तांबडा पट्टा ओढावा, म्हणजे ती दुरून दिसेल, अशी साधी कल्पना बॉनहॅम ह्यांना सुचली. क्लबाने तशा काठ्या करून वाटल्या, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पांढरी काठी हाती असलेल्या मनुष्यास रस्ता ओलांडू देण्यासाठी वाहनांनी थांबावे असा नियम त्या नगराने केला. विद्यार्थिमित्रहो, ह्यात विद्वत्ता नव्हती, मोठा खर्च नव्हता. एका माणसाने पाच वर्षांपूर्वीचे भाषण टाळ्यांबरोबर विसरून न जाता डोळ्यांत साठवून ठेविले होते. त्यामुळे जो अंध मनुष्य रोज दिसत होता तो त्या दिवशी त्याला खरोखर दिसला. भाषणाचे फळ हेच.

आता आमच्या गावाकडे वळतो. येथील क्लबात एके सायंकाळी एक नेत्रवैद्य पाहुणे म्हणून आले. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट आमच्या कायमची ध्यानात राहिली. ते म्हणाले, 'ज्या मुलास जन्मापासून किंवा फार लहानपणापासून अंधुक दिसते, ते मूल कधीही तक्रार करीत नाही. कारण इतरांस ह्याहून स्पष्ट दिसते हे त्यास ठाऊकच नसते. फळा धूसरच असतो अशी त्याची समजूत असते.' एवढे बोलून ते थांबले नाहीत. गावातील एकेका शाळेचे नाव घेऊन, येथील मुलांची दृष्टी शेवटची केव्हा तपासली, असे त्यांनी श्रोत्यांसच विचारले. सभागृहात ती शांतता पसरली.

पुढच्याच आठवड्यात क्लबाचे दोन सभासद व ते नेत्रवैद्य आमच्या शाळेत आले. व्हरांड्यात दोरीने वीस फूट मोजून खडूची रेघ ओढली. भिंतीवर अक्षरांचा तो तक्ता लावला, जो स्नेलेन नावाच्या डच नेत्रवैद्याने १८६२ साली प्रथम तयार केला व ज्याच्या आधारे आजही दृष्टी तपासली जाते. एक डोळा तळहाताने झाकून मुले एकेक ओळ वाचू लागली. प्रत्येक वर्गात दोनतीन मुले अशी निघाली की, वरच्या दोन ओळींखाली त्यांस काहीच दिसत नव्हते. त्यांतील एक मुलगी सातवीची. ती नेहमी पुढच्या बाकासाठी हट्ट धरी, आणि फळ्यावरचे उतरून घेताना शेजारणीच्या वहीत डोकावी. तात्पुरती भिंगे डोळ्यांपुढे धरून वैद्यांनी तिला समोर पाहावयास सांगितले, तेव्हा ती तक्त्याकडे न पाहता आवारातील निंबाच्या झाडाकडे पाहू लागली. त्या झाडास वेगवेगळी पाने आहेत हे ती प्रथमच पाहत होती.

येथवर सर्व गोड झाले. पुढे अडचण आली. चष्मे तयार झाल्यावर त्यांच्या वाटपाचा समारंभ करावा, व्यासपीठावर मुलांस बोलावून प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते चष्मे द्यावेत, असा बेत क्लबात ठरू लागला. हे कळताच त्या मुलीचे वडील शाळेत आले. ते बाजार समितीत हमाली करतात. ते म्हणाले, "सर, नंबर लागलाय तर चष्मा घालायलाच पायजे, त्यात माझं दुमत न्हाई. पण पोरीला स्टेजावर उभी करून फोटू काढायचा आसंल, तर मी उसनवारी करीन आणि दुकानातनं चष्मा आणीन." ह्या बोलण्यास एक पूर्वपीठिका होती. काही वर्षांपूर्वी एका संस्थेने त्या मुलीस वह्या दिल्या होत्या, त्याचे छायाचित्र स्थानिक पत्रात छापून आले होते, आणि वर्गातील मुलांनी पुढे कित्येक दिवस तिला 'फुकटवाली' म्हणून चिडविले होते. वह्या सहा महिन्यांत संपल्या. ते नाव मात्र दोन वर्षे पुरले.

आम्ही हे क्लबाच्या अध्यक्षांच्या कानावर घातले, आणि त्यांनी सभेत हा विषय मोकळेपणाने चर्चेस घेतला. दोन्ही बाजूंस तथ्य होते हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. चिटणीसांचे म्हणणे असे की, ज्यांनी पैसे दिले त्यांस आपल्या पैशाचे काय झाले हे कळले पाहिजे. छायाचित्र हा पुरावा आहे, आणि पुरावा दिसला नाही तर पुढच्या वर्षी देणगी मिळणार नाही. हे खोटे नव्हे. दात्याने हिशेब मागणे हा त्याचा हक्क आहे, आणि हिशेब न देणाऱ्या संस्थांनी सेवेची किती अब्रू घालविली आहे हेही सर्वांस ठाऊक आहे. तेव्हा औषधांचे दुकान चालविणाऱ्या एका सभासद भगिनीने एकच प्रश्न केला: "आपल्या घरच्या मुलांचे चष्मे आपण कोठून आणतो?" कोणी म्हणाले, "दुकानातून." त्या म्हणाल्या, "मग ह्यांचेही तेथूनच येऊ द्या."

आणि तसेच ठरले. प्रत्येक पालकास एक चिठ्ठी देण्यात आली. ती घेऊन मुलाने चष्म्याच्या दुकानात जावे, इतर गिऱ्हाइकांप्रमाणे आरशात पाहून आपल्या आवडीची फ्रेम निवडावी, आणि महिनाअखेर दुकानदाराने आपले बिल क्लबाकडे पाठवावे. दुकानात एक बंद पेटी ठेविली. ज्यास काही टाकावयाचे असेल त्याने टाकावे, नसेल त्याने न टाकावे. दात्यांकडे चष्म्यांची संख्या व बिलांच्या प्रती गेल्या. छायाचित्र गेले ते व्हरांड्यातील तक्त्याचे व खडूच्या रेघेचे. आश्चर्य असे की एकाही दात्याने तक्रार केली नाही. तो हमाल बाप पुढे बरेच महिने पगार झाला की दुकानात येऊन पेटीत काही टाकून जाई असे दुकानदार सांगतात. किती टाकी हे कोणी पाहिले नाही, आणि पाहू नये हाच त्या पेटीचा अर्थ होता. या हाताने दिलेले त्या हातास कळू नये असे आपण म्हणतो. परंतु घेणाऱ्या हातासही आपण नुसते घेणारे आहोत असे वाटू नये, ही त्याच्यापुढची पायरी आहे.

तरीही काम पुरे झाले नव्हते. सहा महिन्यांनी नेत्रवैद्य पुन्हा आले. वाढत्या वयात नंबर बदलतो म्हणून त्यांचे येणे अवश्य होते. तपासणीत दिसून आले की काही मुलांच्या नाकावर चष्मेच नाहीत. कोणाचा फुटला होता, कोणाचा धाकट्या भावाने मोडला होता. त्या सातवीतल्या मुलीचा चष्मा मात्र शाबूत होता आणि घरच्या पेटीत कुलपाआड होता. "चष्मेवाल्या पोरीला कोण करून घेणार?" असे तिच्या आजीचे म्हणणे. ह्या प्रश्नावर बिल, चिठ्ठी, तक्ता ह्यांपैकी काहीच चालण्यासारखे नव्हते. त्याच औषधविक्रेत्या भगिनी त्या घरी गेल्या, आजीजवळ बसल्या, चहा घेतला, आणि आपल्या डोळ्यांवरचा जाड भिंगांचा चष्मा काढून आजीच्या हातात ठेवीत म्हणाल्या, "हा माझ्या डोळ्यांवर आठव्या वर्षापासून आहे. मी नाही का नांदले?" त्या एकदा गेल्या नाहीत, तीनदा गेल्या. तिसऱ्या खेपेस पेटीचे कुलूप उघडले.

ह्या तीन खेपांत सेवेचे सर्व मर्म आहे असे आम्हांस वाटते. वाटप एका दिवसाचे असते. सेवा पुन्हा जाण्याने होते. ह्याचे फार मोठे उदाहरण आपल्या देशाने पाहिले आहे. रोटरीने पोलिओच्या उच्चाटनाचा संकल्प १९८५ साली जाहीर केला. १९८८ साली जागतिक आरोग्य संघटनेसह सर्व राष्ट्रांचा संयुक्त उपक्रम सुरू झाला. आणि भारतात १९९५ पासून देशभर पल्स पोलिओची मोहीम निघाली. रविवारी बूथवर मुलांच्या तोंडात दोन थेंब घालावयाचे, डाव्या करंगळीस शाईची खूण करावयाची, आणि पुढील दिवसांत घरोघर फिरावयाचे. ज्या घरातील सर्व मुलांस डोस मिळाला त्या घराच्या भिंतीवर खडूने 'पी' हे इंग्रजी अक्षर, आणि ज्या घरात एखादे मूल राहून गेले, कोणी परगावी गेले, कोणी नकार दिला, त्या घरावर 'एक्स'. सबंध मोहिमेचे यश ह्या 'एक्स' खुणेच्या घरी पुन्हा जाण्यावर होते. सरकारी आरोग्यसेविका, अंगणवाडीच्या ताई, रोटरीचे स्वयंसेवक अशी माणसे वर्षानुवर्षे त्याच दारांशी परत परत गेली. देशातील अखेरचा रोगी पश्चिम बंगालातील हावडा जिल्ह्यात १३ जानेवारी २०११ रोजी आढळला, आणि २७ मार्च २०१४ रोजी आग्नेय आशिया विभागाबरोबर भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. ह्या यशाच्या समारंभांत पुष्कळ भाषणे झाली असतील. पण पोलिओ गेला तो भाषणांनी नव्हे, खडूने खूण केलेल्या दारावर पुन्हा पडलेल्या थापेने.

आम्ही मिशनच्या शाळेत शिकलो, मिशनच्याच शाळेत शिकवितो. म्हणून एक गोष्ट आमच्या घरातलीही सांगितली पाहिजे. १९०० साली, छप्पनच्या दुष्काळाने मुलूख होरपळत असता, अमेरिकन मराठी मिशनच्या मिस ॲना मिलार्ड ह्यांनी मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. त्या काळी मिशनांसही परदेशी दात्यांकडे अहवाल धाडावे लागत, भुकेल्या मुलांची छायाचित्रे पाठवावी लागत. आपल्या गावच्या चिटणीसांची अडचण त्यांचीही होती. परंतु त्या छायाचित्रांनी कोणाचे आयुष्य उभे राहिले नाही. उभे राहिले ते ब्रेलच्या सहा टिंबांवर रोज सकाळी कोवळी बोटे फिरवून घेणाऱ्या शिक्षिकांच्या धीराने.

दयाळू शोमरोन्याचा दृष्टांत आपण प्रार्थनासभेत अनेकदा ऐकला आहे. वाटेत घायाळ पडलेल्या मनुष्याच्या जखमा त्याने बांधल्या, आपल्या जनावरावर बसवून त्यास उतारशाळेत नेले, हे सर्वांच्या लक्षात राहते. आमचे लक्ष मात्र त्याच्या निघतेवेळच्या बोलण्याकडे जाते. उतारशाळेच्या रक्षकाजवळ दोन नाणी ठेवून तो सांगतो की, अधिक काही खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा भरीन. त्याने परतण्याचा शब्द दिला. त्याचे शेजारधर्म ह्या शब्दात पुरे झाले.

सेवासंघांवर जे आक्षेप घेतात ते आम्ही ऐकिले आहेत. ही सुखवस्तू मंडळींची हौस आहे, तेथे ओळखी वाढविण्यासाठी जातात, असे लोक म्हणतात. काही अंशी ते खरेही असेल. पॉल हॅरिसच्या पहिल्या बैठकीचा हेतूही तोच होता. ह्याहून गंभीर आक्षेप असा की, ह्या संघांनी कित्येक दशके स्त्रियांस सभासदत्व दिले नाही. लायन्सनी ते दार १९८७ साली उघडले. रोटरीच्या बाबतीत त्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयास निकाल द्यावा लागला आणि १९८९ साली जगभरचा नियम बदलला. ज्या संघास एका स्त्रीने आपले जीवितकार्य दाखवून दिले, त्या संघात स्त्रीस सभासद होण्यास त्या भाषणानंतर बासष्ट वर्षे लागली, ही गोष्ट आमच्या विद्यार्थिनींनी ध्यानात ठेवावी. आणि हेही ध्यानात ठेवावे की, आमच्या गावात दुकानाचा मार्ग ज्यांनी सुचविला व आजीची पेटी ज्यांनी उघडविली त्या भगिनी, हे दार उघडले नसते, तर त्या सभेत बसूच शकल्या नसत्या.

विद्यार्थिमित्रहो, पुढील स्नेहसंमेलनास तुमच्याकडेही पाहुणे येतील. त्यांचे स्वागत करा, भाषण मन लावून ऐका, टाळ्याही मनापासून वाजवा. मग त्यांच्यापाशी जाऊन नम्रपणे एक काम मागून घ्या: आमच्याने होण्यासारखे, आमच्याच गावातले, असे एखादे काम सांगा. ते काम लहान असेल. कोण्या अंध विद्यार्थ्यास धडा वाचून दाखविणे असेल, परीक्षेत त्याचा लेखनिक होणे असेल, शेजारच्या आजोबांस नेत्रशिबिरात नेऊन सुखरूप घरी आणणे असेल. ते वहीत लिहून ठेवा आणि खाली तारीख घाला. पुष्पगुच्छ तिसऱ्या दिवशी सुकतो. आठव्या दिवशी ती वही उघडून पाहा. काम झाले नसेल तर त्या ओळीपुढे एक 'एक्स' काढा, आणि त्या दारी पुन्हा जा.